नेव्हिओचं शेवटचं रक्त

ईरिदेबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इटलीतल्या उर्बिनो गावाच्या चढावर प्रयोगशाळेची विटांची भिंत दिसली की त्यांचा पाय अजून रेंगाळतो. काय दिवस होते ते!

लोखंडाचे कण, इतके बारीक की पाण्यात टाकले तर पाणी नुसतं काळं दिसायचं. ते कण तसेच रोग्याच्या शिरेत सोडले, तर यकृत हां हां म्हणता गिळून टाकायचं आणि शरीराच्या आतली चित्रं काढणाऱ्या यंत्राला दिसायला काही उरायचंच नाही. म्हणून ते तांबड्या पेशींच्या पोटात दडवायचे. पेशी कमी मिठाच्या पाण्यात ठेवल्या की फुगतात, त्यांची दारं किलकिली होतात, कण आत घुसतात. मग ऊब आणि मीठ दिलं की दारं बंद. जरा घाई केली तर पेशी फुटून सगळं लालभडक पाणी! या एका कामापायी ईरिदेबाईंनी हाडाची काडं केली.

आणि रक्त कुणाचं? तर नेव्हिओचं. खाली चौकात त्याचं क्रेशाचं दुकान. डुकराच्या चरबीत लाटलेली ती पदर सुटलेली रोटी त्याच्याइतकी खुसखुशीत कुणालाच जमायची नाही. पण रक्त द्यायच्या सकाळी गडी स्वतः तुकडाही तोंडात टाकायचा नाही, काळ्या कॉफीवर यायचा. तेलकट-तुपकट खाऊन आलं की रक्त दुधाळ होतं आणि फेकावं लागतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"घ्या ईरिदेबाई, कारखाना हजर आहे," बाही सारत तो म्हणायचा.

"कारखाना कसला, भंगाराचं दुकान!" बाई दंडाला पट्टा आवळायच्या.

तो विधुर. आईच्या आजारपणात बाईंचं लग्न राहून गेलेलं. त्या खोलीत दोघं पोटभर हसायची, पण बाहेर चौकात गाठ पडली की दोघांच्या तोंडाला कुलूप. नुसती मान हलवायची आणि आपापल्या वाटेनं जायचं.

बघता बघता नेव्हिओची पासष्टी आली. त्यानंतर रक्त घ्यायचं नाही, असा नियम. शेवटच्या खेपेला बाई केस नीट बसवून आल्या. आज संपलं की हा माणूस पुन्हा या दारात कशाला येईल, हा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

रक्त काढून झालं. बाईंनी नळी यंत्रात गरगर फिरवली, बाहेर काढली, आणि बघतात तर काय, वर पांढरंफटक दूध!

"अहो, खाल्लंत काय?"

"क्रेशा. सॉसेज घालून."

"अक्कल गहाण टाकली होती का? इतकी वर्षं पाळलंत आणि नेमकं आजच? मी इथे सगळं मांडून बसलेय!"

नेव्हिओ टोपी हातात फिरवत राहिला. "मुद्दाम खाल्लं, बाई. म्हटलं, रक्त वाया गेलं तर पुन्हा बोलवाल."

"कसं बोलवणार? उद्या पासष्ट भरतात तुम्हाला!"

"हो की. ते डोक्यातच आलं नाही." बाही खाली ओढून तो दाराकडे निघाला.

बाईंना रडू फुटलं. नळी हातात तशीच. "थांबा हो! माणसाला बोलवायला रक्तच लागतं का? रविवारी घरी या जेवायला."

तो आला. पुढच्याही रविवारी आला, आणि मग गेलाच नाही. थोडीच वर्षं मिळाली त्यांना. हृदयानं दगा दिला नि नेव्हिओ गेला. आज कुणी त्याचा विषय काढला, तर ईरिदेबाई डोळे पुसतात आणि वर चिडतात. "मेल्यानं ती क्रेशा पहिल्याच वर्षी का नाही खाल्ली? चांगलं रक्त देत बसला मूर्ख!"