हाताबाहेरचं कारण

डोंगरीच्या खाणीत दगड फोडला की कडेला चुरी पडायची. ती कोणी विकत घेत नसे, कोणी फुकटही नेत नसे, आणि बघता बघता तिचा ढीग माणसाच्या डोक्यावर जायचा. त्या खाणीचे किस्से माझ्याकडे तसेच साचलेत. तुम्ही हसता. हसा. मी तिथला मुकादम, चौथीत शाळा सोडलेला. ती भानगड मला तेव्हा कळली नाही आणि आजही कळलेली नाही.

भानगड अशी. खाण चालवायचे दामूशेठ, पण डोंगर सरकारचा, पट्ट्याने घेतलेला. सलग सहा महिने काम बंद राहिलं की पट्टा रद्द. कारण हाताबाहेरचं असेल तर मात्र अर्ज करायचा, म्हणजे बंदचे दिवस माफ. पट्टा गेला तर चाळीस घरांच्या चुली विझणार. आणि हाताबाहेरचं म्हणजे काय, हे ठरवणार तालुक्याच्या कचेरीतला एक कारकून!

*

एका वर्षी खाण पावसाच्या पाण्याने तुडुंब भरली. शेठनी अर्ज केला. कारकून म्हणाला, पाऊस दरवर्षी येतो, दरवर्षी येणारी गोष्ट हाताबाहेरची कशी?

शेठ शांतपणे म्हणाले, "तुमच्या हातातली असेल तर थांबवा, साहेब. आम्ही उद्याच काम सुरू करतो."

अर्ज नामंजूर.

*

आमच्याकडे रीत होती. गावात मयत झाली की माती देईपर्यंत खाणीत घण पडायचा नाही. मग मयत हिंदूची असो की किरिस्तावाची. एकदा एका आठवड्यात तीन म्हातारी माणसं गेली. सगळा आठवडा घण भिंतीला टेकलेले. अर्ज गेला.

कारकून चौकशीला खाणीवर आला. त्याने कागद काढून बस्त्यावला विचारलं, हे टाळता आलं असतं का? बस्त्याव आमचा सुरुंगवाला, उत्तनचा, तिघांपैकी एक त्याचा आजा.

बस्त्याव म्हणाला, "आजा नव्वदीचा व्हता, साहेब. इतकी वरसं टाळतच व्हतो."

कारकुनाने ते लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

*

मग लढाई आली आणि सुरुंगाची दारू मिळेनाशी झाली. दारूशिवाय त्या काळ्या दगडाचा टवकाही निघत नाही. मी म्हटलं, आता तरी कारण पक्कं. सरकारनेच बंद केलंय, सरकारच माफ करील.

कारकून म्हणाला, दारू मिळत नाही असा दाखला आणा. दाखला द्यायचा दारूच्या परवान्याच्या कचेरीने. तिथला माणूस म्हणाला, दारू आहे की नाही, हे लढाईचं गुपित आहे, लिहून देता येणार नाही.

आम्ही परत आलो. कारकून म्हणाला, "दाखला नाही म्हणजे दारू आहे."

*

शेठ घाबरले. पट्टा जिवंत दिसावा म्हणून त्यांनी दोन माणसं पहारी देऊन बसवली. दिवसभर टकटक, निघायची चुरी. नेमका त्याच दिवशी कारकून हजर. म्हणाला, काम चालू आहे, मग माफी कसली मागता?

मी लगेच पहारी खाली ठेवायला लावल्या. तर हा म्हणतो, काम बंद आहे, मग पट्टा कशाला ठेवता?

पहारवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेठकडे पाहिलं. शेठ डोंगराकडे बघत बसले.

*

सहा महिने भरत आले तशी नोटीस आली. अमुक दिवशी कचेरीत येऊन बाजू मांडा, नाहीतर पट्टा रद्द. शेठ म्हणाले, एकट्याचं कोण ऐकतो, सगळे चला. चाळीसच्या चाळीस माणसं दोन मचव्यांत बसवली आणि खाडीने निघालो. पोचलो तर कचेरीला कुलूप, पायरीवर कारकून बसलेला. किल्ली मोठ्या साहेबांकडे आणि साहेब दौऱ्यावर. उद्या या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडली. कारकुनाने फाईल काढून साहेबांचा शेरा वाचला: खाणीची स्वतः पाहणी केली, एकही माणूस हजर नाही, पट्टा काढून घ्यावा.

शेठनी विचारलं, "पाहणी कधी केली?"

"काल."

"काल आम्ही सगळे तुमच्या पायरीशी होतो."

"मी बघितलं ना," कारकून म्हणाला. "पण तुम्ही नोटिशीच्या दिवशी बाजू मांडली नाहीत, असंच धरावं लागणार. कचेरी बंद होती, किल्ली साहेबांकडे. ते काय माझ्या हातात होतं?"

बस्त्यावने टोपी काढून हातात घेतली. शेठनी पिशवीतून एक कोरा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि हाताने नीट सपाट केला.

"आत्ता जे बोललात, तेवढंच लिहून द्या."

कारकुनाने साहेबांच्या दाराकडे बघितलं. आमच्या चाळीस तोंडांकडे बघितलं. मग टाक दौतीत बुडवला.

"तारीख कालची घालू," त्याने विचारलं, "की आजची?"