रताळ्याचा वेल आन् वडाची पारंबी

रताळ्याच्या वेलाला मूळ धरू द्यायचं न्हाई आन् वडाच्या पारंबीला मूळ धरायला लावायचं. ही दोन्ही कामं एकाच बाईच्या अंगावर पडली की काय व्हतं, ते मला विचारा. निजामाचं राज्य व्हतं तवाची गोष्ट हाये. मी सासरी येऊन सहा-सात वर्सं झाल्ती, आन् तेवढ्यातच दमून म्हातारी झाल्ते.

शहागडच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठी आमचा मळा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मळ्यात विहीर, विहिरीजवळ वड आन् वडाला लागून दोन खणांचं घर. घरात माणसं तीन. माझे मालक, मी आन् माझे सासरे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्त्या, लेकरू आम्हाला न्हवतं. मालकांची गाडी-बैलं सारखी बेगारीला. तालुक्याहून कुण्या साहेबाचा दौरा निघाला की चपराशी दारात हजर, ‘चलो, गाडी जोडो’. मंग आठ-आठ दिस मालकांचा पत्ता न्हाई. बैलं न्हाईत म्हणून मोट बंद, आन् पोहऱ्यानं पाणी शेंदायला मी.

रताळं लावायला मला मामंजींनी शिकवलं. सासऱ्याला आमच्यात मामंजी म्हणतात. श्रावणात वरंब्यावर वेलाचे तुकडे खोचायचे. महिन्याभरात वेल रांगायला लागतो आन् जिथं पेर टेकलं तिथं खाली मुळ्या सोडतो. त्या सोडू दिल्या की संपलं, वेलाची ताकद सतरा ठिकाणी वाटली जाती आन् बुडाला बोटाएवढी रताळी. म्हणून वेल उचलायचा, मुळ्या तटातटा तोडायच्या आन् वेल उलटा टाकायचा. “टेकला की उचल, दया करू नको,” मामंजी म्हणायचे. वाफे एवढे की ह्या टोकापासून त्या टोकाला जाईस्तवर पहिल्या टोकाचा वेल परत टेकलेला. म्हणजे कंबर वाकवून काम रोजचंच.

आन् कौतुक किती त्याचं! पाणी जास्त झालं तर नासतं, कमी झालं तर नुसत्या दोऱ्या. माती सरकली तर भरा, उंदरं आली तर बिळं बुजवा. वडाचं तसं काय न्हाई बघा. वडाला कोण पाणी घालतं? कोण त्याची माती उकरतं? रताळं पाच महिन्यांत हिशेब चुकता करून मोकळं व्हतं, वड पाच पिढ्या बघतो आन् कुणाला काही मागत न्हाई. असं मला वाटायचं.

मामंजी सांगायचे तवा मी पदर नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून ऐकायची. सासऱ्याच्या तोंडाकडं बघायची रीतच न्हवती. इतक्या वर्सांत त्यांचे पाय मला पाठ झाल्ते, टाचेची भेग न् भेग मी सांगितली असती. पण तोंड कसं हाये म्हणाल, तर बिलकुल सांगता आलं नसतं.

मंग एका वळवाच्या वाऱ्यात वडाची घरावरची मोठी फांदी बुडाशी चिरली. गावात लाकूडकाम करणारे एक चाचा व्हते, मामंजींचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी खाली जाड लाकडाचा टेकू दिला आन् म्हणले, “हा टेकू दोन-तीन साल काढंल. ही पारंबी बघा, जमिनीला हातभरच कमी हाये. ती तवर मातीत शिरली तर तिचाच खांब बनंल. न्हाई तर फांदी काढावी लागंल, बराबर घरावर येईल.” मामंजींनी पारंबीच्या टोकाला पोकळ बांबू बांधला, त्यात शेणमाती भरली आन् खाली जमीन खणून भुसभुशीत केली. मला एवढंच म्हणले, “ओल राहू दे.”

पुढच्या वर्सी मामंजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आन् वाचाही गेली. घरात घेतलं की त्यांचा जीव कोंडायचा, छाती घरघर करायची. जन्म उघड्यावर गेलेला माणूस, त्याला दोन खणांत कसं राहवंल? म्हणून त्याच फांदीखाली बाज टाकली. बाकीचा सगळा वड विहिरीवर आन् मोट ओढायच्या बैलांच्या धावेवर पसरलेला, बाज टाकायला सावलीची जागा ती एकच. वैद्य म्हणले, उघड्या हवेत हायेत तवर दिस काढतील. म्हणजे फांदी राहिली तर मामंजी राहतील, असा सरळ मामला व्हता. आन् पारंबी माझ्या हवाली.

मी काय कामात चुकारपणा केला न्हाई हो. दिसभर वाफ्यात वेल उलटायचे, मामंजींचं खाणंपिणं, अंग पुसणं सगळं करायचं, तेही पदराआडून, मान खाली घालूनच. मालक घरी असले तर ते करायचे, पण असायचे कधी? दिस कलला की दोन घागरी पारंबीच्या बुडाला ओतायच्या. पावसाळ्यात पारंबी मातीत शिरली तवा मला लई आनंद झाल्ता, एकटीच हसले मी. मंग रोज पाणी घालून झालं की पारंबी हातात धरून जरा ओढून बघायची. धरली का? अजून न्हाई, हालती. दुसऱ्या दिसी परत. हाताला सवयच लागलेली, दिसभर वाफ्यात वेलाचं तेच तर करून राह्यलेली.

मी पारंबीजवळ गेले की मामंजी डाव्या हातानं बाजेच्या लाकडावर धाड धाड मारायचे. मला वाटायचं, पाणी पाह्यजे. “आले मामंजी,” म्हणून तांब्या न्यायची, तर तांब्या लोटून द्यायचे. मंग वाटायचं, पाठ दुखती. कूस वळवली तरी धाड धाड. शेजारच्या मळ्यातली जाऊबाई म्हणायची, “आजाऱ्याचा चिडखोरपणा असतो गं, मनावर घेऊ नको.” मी मनावर घेतलं न्हाई. पण एकदा सांजच्याला पाठीचा काटा ढिला झालेला, हातापायांत गोळे आल्ते, आन् बाज वाजायला लागली तशी मी खाली बघूनच ओरडले, “मला काय चार हात हायेत का? सकाळपासून मरून राह्यले मी!” बाज वाजायची थांबली. त्या दिसापासून ते हळू मारायचे, नुसत्या बोटांनी.

त्या साली रताळी मात्र अशी आली की बघत राहावं. मनगटाएवढी, लालबुंद, एकालाही दोरा न्हाई. शिवरात्रीला अख्ख्या शहागडानं आमची रताळी उकडून खाल्ली. बायका म्हणल्या, तुझ्या हाताला गुण हाये बाई. मी खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

फाल्गुनात टेकूला वाळवी लागलेली दिसली. वरून लाकूड धड, आतून नुसता भुसा. चाचा आले, टेकू ठोकून बघितला, फांदीची चीर बघितली. चीर वीतभर उघडल्ती, नुसत्या नव्या टेकूनं आता भागणारं न्हवतं. मंग ते पारंबीपाशी बसले. दोन बोटांत धरून वर उचलली, तर पारंबी मातीतून अलगद बाहेर आली. चाचांनी टोक हातावर घेतलं, डोळ्याजवळ नेलं. टोकाला मुळ्यांचे बारीक बारीक थोटके, काही वाळलेले, काही कालचेच, ओले पांढरे.

“बहू, ही तर धरून राह्यल्ती,” ते म्हणले. “मूळ फुटतंय आन् तुटतंय, फुटतंय आन् तुटतंय. हिला रोज कोण ओढतं?”

अगं माय! गप बसता आलं असतं. कुणाची बकरी ओढत असंल, असं सांगता आलं असतं. पण त्याच वक्ताला मागं बोटं वाजली, हळू, बाजेच्या लाकडावर. मी वळले आन् पदर नाकावर हाये का कुठं हाये ते न बघता मान वर केली. पहिल्यांदा मामंजींचं तोंड बघितलं. ते चाचांकडं बघत न्हवते, फांदीकडं न्हाई, पारंबीकडं न्हाई. माझ्या हाताकडं बघून राह्यले व्हते.

एकदा मान वर केली असती, तर पहिल्याच दिसी कळलं असतं मला. आठ महिने तो माणूस तोंड न उघडता ओरडून सांगत व्हता आन् मी त्याला तांब्या दाखवत व्हते.

“चाचा, मीच ओढते,” मी म्हणलं. “धरली का बघायला.”

चाचा आपल्या करवतीची धार बघत बसले. मामंजींची बाज बाजूला घेऊन फांदी त्याच दिसी उतरवली, दोराला बांधून, तुकडे तुकडे करून. खाली आल्यावर बाजेच्या जागेवर एवढं ऊन पडलं की डोळे उघडवेनात. मालकांनी आन् चाचांनी बाज उचलून घरात नेली.

चैत्र गेला, वैशाख लागला. घर म्हणजे भट्टी. रताळी निघाली की वाफ्यांत भाजीपाला लावायची मी, त्या उन्हाळ्यात वाफे तसेच मोकळे ठेवले. दुपारभर मामंजींच्या उशाशी बसून शिंदीच्या पंख्यानं वारा घालायची. पदर डोक्यावरच, पण मान वर. चाचांसमोर, मालकांसमोर, कुणासमोर का असंना, मी मामंजींच्या तोंडाकडं बघायची. बायकांनी नावं ठेवली. ठेवू द्या.

मिरगाला आठ-दहा दिस राह्यले असतील. छाती फार घरघरत व्हती त्या दुपारी, आन् माझा हात खांद्यापासून बधिर झाल्ता. मामंजींनी डावा हात कसाबसा उचलला आन् पंख्यावर ठेवला. डोळ्यांनी आधी माझ्या खांद्याकडं बघितलं, मंग कोपऱ्यातल्या घोंगडीकडं. पुरे आता, जरा पड, असं म्हणत व्हते ते.

“समजलं, मामंजी,” मी म्हणलं. त्यांचा हात उचलून हळूच छातीवर ठेवला आन् परत वारा घालायला लागले.