लॅमिनेट केलेले तेवीस कागद

"आपा, ह्यातलं खरं कोन्तं?" जिलानीभाईंनी दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा पुसत बसले.

पहिला कागद मीच त्यांना दिलेलं फंडाचं माहितीपत्रक. सुरुवातीला ज्याने दहा हजार टाकले, त्याचे आज तीन लाखांच्या वर झाले, असा त्यात तक्ता होता. दुसरं त्यांचं स्वतःचं स्टेटमेंट. फंड तोच, दहा हजार तेच, सालही तेच. आजची किंमत मात्र एक्केचाळीस हजार. मी दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले आणि धंद्यात इतकी वर्षं काढूनही माझी मती गुंग झाली.

मी लातूरला म्युच्युअल फंडाची एजंट आहे. फंड म्हणजे खूप जणांचे पैसे एकत्र करून कंपन्यांच्या शेअर्समध्ये लावणारी संस्था. फॉर्म भरणं, सह्या घेणं, लोकांच्या शंका मिटवणं हे माझं काम. जिलानीभाई माझे अगदी पहिल्या वर्षातले गिऱ्हाईक. किल्लारीकडच्या एका गावचे शिंपी. भूकंपात त्यांची आई गेली. मदतीच्या रकमेतले दहा हजार त्यांनी माझ्या हातात दिले आणि सांगितलं, हे अम्माचे पैसे, घरात खर्चायचे नाहीत, कुणाच्या तरी शिक्षणाला लागतील. पुढे ते लातूरला आले आणि क्लासेसच्या गल्लीत होस्टेलच्या गाद्यांची कव्हरं शिवू लागले.

आता ते 'कुणीतरी' ठरलं होतं. नात सानियाचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला होता. तिला वर्षभर पुन्हा तयारी करून घेणाऱ्या रिपीटर बॅचला बसायचं होतं. फी लाखाच्या घरात, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता शनिवारपर्यंत, नाहीतर जागा दुसऱ्याला. मग अहमदपूरला बी.एस्सी. आणि डॉक्टरकीचा विषय बंद. तक्ता दाखवून "काळजी करू नका" म्हणणारी मीच होते.

मला आधी संशय आला तो नावाचा. ह्या फंडाचं बारसं दोनदा झालंय. हल्ली त्याचं नाव 'सस्टेनेबल ग्रोथ', म्हणजे हवा-पाणी न नासवणाऱ्या, कामगारांना नीट वागवणाऱ्या कंपन्यांत पैसे लावणारा. नाव बदलताना काही युनिट, म्हणजे फंडातले त्यांचे हिस्से, गळाले की काय? सगळे जुने कागद काढले. युनिट जागच्या जागी. मग वाटलं, मधेच कुणी पैसे काढले असतील. तेही नाही. दोन दिवस मी तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडत होते आणि उत्तर तेच येत होतं. रागही येत होता, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

बुधवारी सकाळच्या एसटीने नांदेड गाठलं. तिथे रजिस्ट्रारचं ऑफिस आहे, गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणारं. मॅनेजर रेड्डी देगलूरचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मॅडम, हा डिव्हिडंड ऑप्शन आहे. तुमचा तक्ता ग्रोथचा."

फरक सांगते. ग्रोथमध्ये नफा आतच राहतो आणि त्या नफ्यालाही नफा सुटतो. डिव्हिडंडमध्ये अधूनमधून काही रक्कम बाहेर काढून तुम्हाला पाठवतात, आत उरतं ते कमी. हे मी दर आठवड्याला लोकांना समजावते. नावातच ग्रोथ असलेल्या फंडात डिव्हिडंडचा पर्याय असतो, हे मात्र त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही.

"मग तो डिव्हिडंड गेला कुठे?" मी विचारलं.

"पोस्टाने तेवीस चेक पाठवले. वटला एकही नाही."

मी आणखीच चक्रावले. गरजू माणूस तेवीस चेक कसे सोडेल? रेड्डींनी मूळ फॉर्मची प्रतही काढून दिली. ती मी बसमध्ये नीट पाहिली आणि घडी करून पर्समध्ये अगदी तळाशी घातली.

लातूरला उतरले ती थेट दुकानात गेले. पोस्टाने काही कागद यायचे का, असं विचारलं. जिलानीभाई हसले आणि पेटीतून एक गठ्ठा काढला. तेवीसच्या तेवीस चेक. प्रत्येक लॅमिनेट केलेला, वरच्या कोपऱ्यात भोक पाडून सुतळीत ओवलेला.

"भूकंपात कागद गेले त्यांचे लई हाल झाले, आपा. तलाठी बोल्ले, शिक्क्याचा कागद आला की जपा, सायब कधी बी मागंल. म्हनून पक्के करून ठेवले."

कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात चेक असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मला हसूही येईना, रडूही येईना. चेकची मुदत संपली तरी पैसे बुडत नाहीत, ते वेगळे ठेवलेले असतात आणि अर्ज केला की मिळतात, पण इतकी वर्षं ते शेअर्समध्ये वाढत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"मग तक्त्यातले तीन लाख कुनाचे?"

"ज्याने दुसऱ्या चौकोनात खूण केली त्याचे."

"चौकोन कोन भरले व्हते?"

मी पर्समधून फॉर्म काढला. अक्षर माझं होतं. भूकंपातला माणूस, दरसाल हातात चार पैसे आले तर बरं, असं मला वाटलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. सही कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवलं होतं.

"मीच," मी म्हणाले. मान वर करायची हिंमत होईना.

त्यांनी फॉर्म घडी करून मला परत दिला. मग म्हणाले, "सनवारला किती हातात येतील, ते सांगा."

युनिट विकून एक्केचाळीस हजार शुक्रवारी दुपारी त्यांच्या बँकेत आले. पहिला हप्ता भरला गेला. डिव्हिडंडच्या अर्जाला दोन महिने आणि नांदेडच्या तीन खेपा लागल्या. जे त्रेसष्ट हजार आले, त्यातून दुसरा हप्ता गेला. सानिया पुढच्या वर्षी मेडिकलला लागली. हुकलेल्या दोन लाखांबद्दल जिलानीभाई मला कधी बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून परताव्याचा तक्ता दाखवण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते. फंडाकडून घरी कागद आला तर काय कराल? परवा एका क्लासचे प्राध्यापक आले होते. म्हणाले, "काय करणार? फाइलला लावणार." मी त्यांच्यासमोरचा फॉर्म परत ओढून घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.