बारा सेकंदांचा घाट आणि साडेतेरा सेकंदांची अमेरिका

उपास करणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी कधी बेतात होत नाहीत. एक भिजवलेला साबुदाणा आणि दुसरे किस्से. कितीही हात आखडता घ्या, उरतातच. माझ्याकडचे किस्से सगळे खिडकीतून आलेले. नारायणगावपासून थोडं पुढे, रस्त्याला लागून आमच्या ह्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्यात उघडते. सोळा सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळं त्या खिडकीशी. एका कानात पोथी, दुसऱ्या कानात गॅरेज. देवानं दोन कान काही उगाच दिलेले नाहीत.

गॅरेजमध्ये बसणारी मंडळी ठरलेली. आमचे हे, म्हणजे पान्याशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारे. गावातले गाडामालक कोंडीभाऊ, ज्यांच्या गोठ्यात शर्यतीचे चार बैल आहेत आणि ज्यांच्या बोलण्यात चारशे. निवृत्त गुरुजी, ज्यांना दिसेल ते गॅरेजमधल्या फळ्यावर लिहायची सवय. आणि आमची सायली. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून आलेली, बापाच्या हाताखाली गिअरबॉक्स खोलणारी.

* * *

सुरुवात सायलीनंच केली. एका दुपारी तिनं फोनवर जुन्या अमेरिकन गाड्यांची शर्यत दाखवली. लांब नाकाच्या, मोठ्या इंजिनाच्या, आमच्या लग्नाच्याही आधीच्या गाड्या. मस्टँग, चार्जर, कॅमारो, शेवेल. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, दिवा हिरवा झाला की सोडतात, पाव मैलाची सरळ पट्टी, की संपलं. ती कौतुकानं म्हणाली, त्यातल्या नामी गाड्या साडेतेरा सेकंदांच्या आसपास जायच्या.

कोंडीभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "साडेतेरा? आमची बारी बारात जाती."

आमच्याकडे यात्रेला बैलगाडे एकेक करून चढावर सोडतात. त्या चढाला घाट म्हणतात, एका धावेला बारी, आणि निकाल घड्याळाच्या सेकंदावर. गेल्या यात्रेत कोंडीभाऊंची बारी खरोखर बारा सेकंदांत बसली होती, अख्खं गाव साक्षीला होतं. गुरुजींनी लगेच फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. वर घाट, बारा. खाली अमेरिका, साडेतेरा.

पाव मैल हा शब्द त्या दिवशी कोणाच्याच कानात शिरला नाही. माझ्यासुद्धा. त्या आनंदात कोंडीभाऊंनी दुसरा चहा मागितला आणि मी तो आलं घालून दिला.

* * *

त्यानंतर रोज दुपारी अमेरिका हरायला लागली.

एक गाडी सुटताना पुढची दोन्ही चाकं हवेत उचलायची. सायली सांगत होती, ताकद मागच्या चाकांना असते, वजन मागं जातं, म्हणून असं होतं. कोंडीभाऊंनी मान हलवली. "पुढनं हलकी हाय. जुपतानाच चुकलंय."

मग गुरुजींनी खोलात शिरून शोधून काढलं की एकाच गाडीचं टायमिंग एका मासिकात तेरा आणि दुसऱ्यात चौदा छापलेलं आहे. टायर वेगळे, चालवणारा वेगळा, दिवस गार की गरम, अशी चार कारणं त्यांनी फळ्यावर लिहिली. कोंडीभाऊंनी पाचवं विचारलं.

"घड्याळवाला कुणाचा पाव्हणा व्हता?"

त्याच्याही पुढची गंमत अशी, की तेव्हा काही इंजिनांची ताकद होती त्यापेक्षा कागदावर कमीच दाखवायचे म्हणे. गुरुजींना हे पटेना, कमी कशाला दाखवतील? कोंडीभाऊंना मात्र ते जन्मापासून माहीत असल्यासारखं पटलं. शर्यतीच्या आधी बैलाची ताकद आणि विकताना बैलाचे दात, ही दोन्ही कोणी खरी सांगत नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून अमेरिकेबद्दल त्यांना थोडा जिव्हाळा वाटायला लागला.

* * *

आमचे हे या वादात कधी पडले नाहीत. पण मुकं माणूस डोक्यात काय शिजवतं ते कळत नाही.

त्या गाड्या सुटण्याआधी मागच्या टायरखाली पाणी ओततात आणि चाकं जागच्या जागी फिरवून तापवतात. धुराचे लोट निघतात, टायरची पकड वाढते. हे ह्यांनी पाहिलं आणि एका सोमवारी, मी शिवामूठ वाहून नुकती अंगणात आलेली, तर आणे पठारावरच्या गावातून दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरखाली बादलीभर पाणी ओतून ह्यांनी क्लच सोडला.

धूर निघाला नाही. चिखल निघाला. तुळस, दोरीवरची धुतलेली साडी आणि गुरुजी, तिघांनाही सारखाच प्रसाद मिळाला. ट्रॅक्टर तसूभर हलला नाही, फक्त खाली खाली गेला.

मी काही बोलले नाही. सोमवारी मी रागावत नाही, तो माझा नेमच आहे. मंगळवारी बोलले. तो खड्डा अजून आहे. त्यात मी अळू लावलंय, आणि पानं अशी येतात की कोंडीभाऊंच्या घरी सुद्धा वड्या जातात.

* * *

हसण्यावारी चाललेलं सगळं श्रावण संपता संपता थांबलं, कारण सायलीला पत्र आलं. नगरकडे गाड्या तपासायचा एक ट्रॅक आहे. तिथं नव्या गाड्या पळवायच्या, टायमिंग घ्यायचं, अहवाल लिहायचा, अशी नोकरी. येत्या सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

हे नाही म्हणाले. ओरडून नाही, पाना पुसत. पोरीच्या जातीनं गाड्या पळवायच्या आणि आपण इथं जीव मुठीत धरून बसायचं, हे जमणार नाही. कोंडीभाऊंनी त्यात भर घातली, की साडेतेरा सेकंदवाल्यांची विद्या शिकून उपयोग काय, बारावाले घरात असताना?

सायलीनं फळ्याकडे बोट केलं. "भाऊ, बारा सेकंद किती लांबीला? अमेरिकेचा पाव मैल आहे. आपला घाट किती?"

मी खिडकीत होते. गुरुजींनी खडू उचलला आणि परत ठेवला. आजोबा-पणजोबांपासून घाट पळतोय, पण तो किती फूट, हे त्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

ह्यांना वाटलं असावं, आपण सुटलो. म्हणाले, "ज्या दिवशी अमेरिकेची गाडी आपल्या घाटाला हरवंल, त्या दिवशी जा."

सायली टेप आणायला उठली तर कोंडीभाऊ आडवे. "माप मेल्याचं घेत्यात. देवाच्या घाटाला टेप लागायची न्हाई."

तिनं फोनवरचा नकाशा काढला, वरून सगळं दिसतं म्हणाली. कोंडीभाऊ म्हणाले, वरनं बघणाऱ्याला चढ दिसतो व्हय? नकाशा बाद. गुरुजी पावलं मोजायला निघाले होते, तर त्यांचा गुडघा बाद.

पोर त्या रात्री जेवली नाही. मी आयुष्यभर उपास केले, पण ते देवासाठी. माझ्या घरात कोणी हरून उपाशी झोपलेलं मला चालत नाही.

* * *

शनिवारी सकाळी मी गॅरेजच्या दारात जाऊन सांगितलं, उद्या भैरवनाथाचा वार, मी घाटाच्या पायथ्यापासून वरच्या निशाणापर्यंत दंडवत घालणार आहे.

ह्यांनी विचारलं, कशासाठी?

"सायलीच्या नोकरीसाठी."

"अगं, नवस काम झाल्यावर फेडत्यात."

"ज्यांना शंका असते ते नंतर फेडतात," मी म्हटलं. "मी आधीच फेडते."

ह्यांनी कोंडीभाऊंकडे पाहिलं. कोंडीभाऊ काय बोलणार? घाटात एरवी बायका फिरकत नाहीत, पण नवसाला अडवणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. उलट भल्या माणसानं त्याच संध्याकाळी घाटातले खडे वेचून काढले आणि टँकरनं पाणी मारून धूळ बसवली. वैनीच्या अंगाला टोचू नये म्हणून.

मीही आधी अंगणात एक दंडवत घालून पाहिला. सवय मोडली होती. पायाच्या बोटांपासून पुढं धरलेल्या नारळापर्यंत सायलीनं टेप लावली. साडेसहा फूट. अंगणाला टेप लावायला कोणाची बंदी नव्हती.

रविवारी सकाळी ओलेत्यानं पायथ्याशी उभी राहिले. आडवं व्हायचं, हात लांब करून नारळ टेकवायचा, तिथं सायली काडीनं रेघ मारणार, उठून त्या रेघेवर उभं राहायचं, पुन्हा आडवं. गुरुजी गुडघा सांभाळत कडेनं चालत होते, हातात माझी जपमाळ. हे आणि कोंडीभाऊ मागून हात जोडून.

वीस झाले, पंचवीस झाले. छातीवरचा चढ काय असतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि बैलांबद्दल माझ्या मनात नवा आदर आला. तिसाच्या पुढं गुरुजी मोठ्यानं मोजायला लागले.

कोंडीभाऊंची चप्पल थांबली. "गुरुजी, मोजताय कशाला?"

"नवसाचे मोजावेच लागतात, कोंडीभाऊ."

मी जमिनीवरच होते, कपाळाला माती. मागून मला कोंडीभाऊंचा श्वास ऐकू येत होता. त्यांना सगळं कळलं होतं. थांबवायचं म्हटलं तर थांबवता येत नव्हतं. खडे त्यांनीच वेचले होते.

निशाणाला नारळ टेकला तेव्हा गुरुजी म्हणाले, सदुसष्ट.

मी नारळ फोडला. भैरवनाथाला हात जोडले आणि मनात म्हटलं, मी माप घेतलं नाही हं देवा, मी दंडवत घातले. प्रसाद घेऊन सगळे गॅरेजमध्ये आले. गुरुजींनी खडू उचलला. सदुसष्ट गुणिले साडेसहा, चारशे साडेपस्तीस फूट. पाव मैल म्हणजे तेराशे वीस. त्यांनी बराच वेळ आकडे मांडले आणि मग हळूच सांगितलं, अमेरिकेचा पाव मैल म्हणजे आपले तीन घाट एकापुढं एक, आणि वर वैनींचे दोन दंडवत.

बारा त्रिक छत्तीस, हे सांगायला गुरुजींची गरज नव्हती.

कोंडीभाऊंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "अमेरिकेला म्हणावं, चढावर या. सपाटीला काय, म्हातारी बी पळती."

सायली माझ्या कोपराला लागलेली माती पुसत होती आणि फळ्याकडे मुद्दाम बघत नव्हती. हे उठले. ओल्या फडक्यानं हात पुसले, मग त्याच फडक्यानं फळ्यावरची वरची ओळ पुसली. पाठ आमच्याकडेच होती.

"सायले," हे म्हणाले, "त्या ट्रॅकवर हेल्मेट ते देत्यात, का आपण घ्यायचं?"