तीन थरांची जमीन

तोरग्रिम होव्देच्या हाताला आमचं अख्खं खोरं टरकून असायचं, आणि खोटं कशाला बोलू, तो हात होताच तसला. लाकूडगिरणीतल्या एकाने लग्नाच्या जेवणात त्याच्या कामाची थट्टा केली, तर याने तिथल्या तिथे त्याचे दोन दात पाडले. एकदा बायकोशी भांडताना स्वयंपाकघराचं दार कुऱ्हाडीने फोडलं.  बायको लहानग्या लेकीला, सोल्वीला, उचलून त्या फुटक्या दारातून बाहेर पडली आणि परत आलीच नाही. सोल्वी तेवढी रविवारी बापाला भेटायला यायची.

आणि याच हातांनी तो लोकांच्या घरांच्या जमिनी घालायचा. मातीवर थर्माकोलच्या जाड पाट्यांचे तीन थर, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर कधी येऊ द्यायचा नाही, मग वर काँक्रीट. सगळ्या नॉर्वेत आमच्याइतका गारठा क्वचितच कुठे पडत असेल, पण तोरग्रिमने घातलेल्या जमिनीवर पोरं अनवाणी खेळायची. एखादा मालक म्हणाला, दोन थरांत भागवा, की हा हत्यारं गोळा करून सरळ घरी जायचा.

त्याला कारण होतं. हा नऊ वर्षांचा असताना त्यांच्या घराला नुसती फळ्यांची जमीन होती. खाली पोकळी, फटींतून वारा. आई फटींत शेवाळ आणि रद्दी कोंबायची. बापाला म्हणायची, "अहो, खाली भुसा तरी भरा." बाप हो हो म्हणायचा आणि पाइप ओढत बसायचा. धाकटा ओस्मुन्न दहा महिन्यांचा, दिवसभर त्याच जमिनीवर रांगायचा. जानेवारीत त्याची छाती भरली आणि चार दिवसांत पोर गेलं. त्याला पुरून आल्यावर तोरग्रिमने सरपणाची कुऱ्हाड घेतली आणि घराची जमीन फोडायला लागला. सात फळ्या फुटल्यावर बापाने पाहिलं. त्याच कुऱ्हाडीच्या दांड्याने बापाने त्याला असा बडवला, की डावा खांदा जन्मभर उतरलेलाच राहिला.

म्हणून सोल्वीने घर बांधायला काढलं तेव्हा तोरग्रिमने एकच गोष्ट मागितली: जमीन मी सांगतो तशी. सोल्वीची तिरिल नुकती रांगायला लागली होती. पण जावई एन्द्रे पडला नळ्यांचा गडी. जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या, हाच त्याचा धंदा.

"सासरेबुवा," तो म्हणायचा, "जमीन स्वतःच गरम असल्यावर तिला खालून गोधडी कशाला? एक थर खूप झाला."

"अरे शहाण्या, ऊब काय तुला विचारून वर येणार आहे? जेवढी वर तेवढीच खाली जाईल. गांडुळं शेकायचीत का तुला?"

"तुम्हाला काय, दोन मोजे चढवले की झालं. आम्हाला जमाना बघावा लागतो."

"आणि वीज गेली म्हणजे? उणे पस्तिसात नळ्यांतलं पाणी गोठलं, की पोरीला त्या नळ्या दाखवत बसणार का?"

शेवटी सोल्वीने तोड काढली. खाली तिन्ही थर, वर एन्द्रेच्या नळ्या. दोघांनी मान डोलावली. तिथे खरं तर सगळं मिटायला हवं होतं.

पण आढं चढलं की मालकाने कामगारांना जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. एन्द्रेने घातलं नाही. "माझ्या नळ्यांना हसणाऱ्यांना मी कशाला वाढू?" म्हणाला. अशा कंजूष मालकाच्या आढ्याला गवताचा माणूस टांगतात. तोरग्रिमने तो टांगला. इथवर रीत. पण या बाबाने गवताच्या माणसाला एन्द्रेची टोपी घातली आणि गळ्यात त्याच्याच नळीचा फास दिला. दोन दिवस रस्त्यावरची प्रत्येक गाडी तिथे हळू व्हायची आणि आतली माणसं खिदळायची.

तिसऱ्या दिवशी एन्द्रेने तो माणूस खाली ओढला, पेटवला आणि जळतं गवत तोरग्रिमच्या पायांशी फेकलं.

"स्वतःच्या भावाला वाचवता आलं नाही," तो ओरडला, "म्हणून आता माझ्या घराच्या मानगुटीवर बसलात होय?"

तोरग्रिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका ठोशात एन्द्रेचं नाक मोडलं. तो पडल्यावरही हा त्याच्या छातीवर गुडघा रोवून मारत होता. तिघा सुतारांनी मिळून त्याला मागे खेचला. सोल्वी समोरच उभी होती, तिरिलला कडेवर घेऊन.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज थेट तिच्या आईसारखा निघाला. "या घरात पुन्हा काही फोडलंत, माणूस असो की वस्तू, तर या दारातून तुम्ही कधी आत येणार नाही. तिरिलही तुम्हाला दिसणार नाही."

तोरग्रिम दहा दिवस तिकडे फिरकला नाही. अकराव्या दिवशी सकाळी नऊला गेला. दहाला काँक्रीटची गाडी येणार होती आणि ते पडताना त्याला बघायचं होतं, लांबूनच. बघतो तर शेडमागे थर्माकोलच्या पाट्यांचा ढीग. आत एकच थर, आणि त्यावर नळ्यांची वेटोळी.

"एन्द्रे, पाट्या बाहेर कशा?"

एन्द्रेच्या नाकावर पट्टी होती. "दाराचं माप चुकलं. तीन थर घातले तर जमीन उंबऱ्याच्या वर जाते. वाट सोडा, गाडी येतेय."

"अरे, मग दार वर घे! मी घेतो. उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो."

"तुमचा हात माझ्या घराला लागायला नको."

"सोल्वी, अगं सांग त्याला. एकदा काँक्रीट पडलं की जन्मभर ती जमीन कोणी उकरत नाही."

सोल्वी कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती, बिचारी दोघांनाही विटलेली. "पुरे झालं बाबा तुमचं. घरी जा."

तिरिल तिच्या कडेवर होती. तिचा एक मोजा गळून पडला होता आणि ती तो उघडा पाय हलवत होती. तोरग्रिमने त्या पायाकडे पाहिलं. खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. मग त्याने भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि आत उतरला.

नळ्यांत दाबाने पाणी भरून ठेवलं होतं. पहिल्या घावाला फवारा छतापर्यंत उडाला. तो एका टोकाकडून निघाला आणि एकेक वेटोळं तोडत गेला. एन्द्रे पहार घेऊन धावला. पहिली पहार पाठीत बसली, दुसरी त्याच उतरलेल्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या सुतारांनीही ऐकला. तोरग्रिम वळला नाही. उजव्या हाताने घाव घालत राहिला. तिसरी पहार बरगड्यांत बसली तेव्हा तो गुडघ्यांवर आला, पण शेवटची नळी त्याने गुडघ्यांवर बसून तोडली. दारात गाडीवाला उभा होता. त्याने आतला चिखल, पाणी, रक्त पाहिलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि गाडी मागे वळवली.

"मी काय सांगितलं होतं, बाबा?" सोल्वी रडत होती.

"आठवतंय मला."

"मग?"

"मग काय? जातो." तो भिंतीला धरून उठला. एन्द्रे पहार घेऊन तसाच उभा होता. त्याच्याजवळून जाताना तोरग्रिम एवढंच म्हणाला, "तीन थर."

पुढे जमिनीचं काय झालं, ते त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. जानेवारीत पारा उणे सदतिसावर गेला. वाऱ्याने तारा तुटल्या आणि खोऱ्यात दोन दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तोरग्रिमला घरात बसवेना. एक हात गळ्यात अडकवून तो चढ चढून गेला आणि सोल्वीच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा राहिला.

ज्या घराची ऊब खाली गळते, त्याच्या जोत्याला लागून बर्फ टिकत नाही. वितळून काळा पट्टा पडतो. धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे आत लाकडाची शेगडी पेटलेली होती. तोरग्रिमने जोतं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने तपासलं. बर्फ भिंतीला चिकटून बसला होता, पांढराशुभ्र, कुठे बोटभर फट नाही. दार हातभर वर घेतलं होतं आणि त्याखाली नवी कोरी लाकडी पायरी होती. तोरग्रिमचे डोळे भरून आले आणि पाणी पापण्यांवरच गोठलं.

तेवढ्यात दार उघडलं. सोल्वी होती. तिने त्याला पाहिलं. तिच्या मागे तिरिल भिंत धरून पावलं टाकत होती, आणि तिच्या पायांत काही नव्हतं. सोल्वी या म्हणाली नाही की जा म्हणाली नाही. दार धरून तशीच उभी राहिली, आणि घरातली हवा वाफ होऊन तिच्या अंगावरून बाहेर जायला लागली.

"अगं, बघतेस काय!" तोरग्रिम रस्त्यावरून ओरडला. "दार लाव! ऊब जातेय सगळी!"

सोल्वीने दार लावलं.