दम घेण्याची जागा

मी आज नेरच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, ते पुसदच्या दिगंबरकाकांमुळे. कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले काका गेल्या महिन्यात गेले. ती खबर द्यायला सोमवारी त्यांच्या मुलीचा, वैशालीताईंचा फोन आला. आदला अख्खा रविवार मी काकांच्याच फोनची वाट पाहत बसलो होतो...

बारावीला मी इंग्रजीत नापास झालो होतो. आमच्या तांड्यावर कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. दिवाळीनंतर थोरल्या भावाबरोबर ऊसतोडीला जायचं, की पुन्हा परीक्षेला बसायचं, एवढाच प्रश्न होता. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "आणखी एक डाव बसून पाह्य." म्हणून मी पुसदला काकांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो. काका शिकवणी घेत नसत. संध्याकाळी मागचं दार उघडं ठेवून एक सीडी लावत. अमेरिकेतल्या एका जुन्या जॅझ गायिकेची सोळा निवडक गाणी, तिला कधीच न ऐकलेल्यांना ओळख व्हावी म्हणून काढलेली. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलेला हा माणूस गाणं चालू असताना एक शब्द बोलत नसे.

मला शब्द कळत नव्हते. पण एक गाणं कोवळ्या, चपळ आवाजातलं, तर पुढचं खरखरीत, थकलेल्या आवाजातलं. मी ठरवूनच टाकलं, मायलेकी आळीपाळीनं गातात. काकांना तसं सांगितलंही. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. काहीही विचारताना आधी 'मंग' म्हणायचं, जरा थांबायचं आणि मग नाव घ्यायचं, ही त्यांची सवय. त्या दिवसापासून गाणं संपलं की ते रोज विचारू लागले, "मंग... सुनील, आता कोण गाऊन राह्यली होती? माय का पोरगी?" आणि मी छाती फुगवून उत्तर द्यायचो.

एकदा याडी तुरीची डाळ घेऊन आली. आमच्यात नवरी सासरी निघताना रडत रडत ढावलो गाते. तो शिकवायला याडीला दुसऱ्या तांड्यांवरूनही बोलावणं यायचं. दारात बसून तिनं दोन गाणी ऐकली आणि म्हणाली, "बाई एकच हाय ही."

मी हसलो. "याडी, तुले काय समजते इंग्रजीतलं?"

"इंग्रजी नाही समजत. दम समजते. जवानीत जिथं दम घेतला, म्हातारपणीबी तिथंच घेऊन राह्यली ना थे."

काकांनी सीडीच्या डबीतली पुस्तिका काढून माझ्या हातावर ठेवली. "मंग... सुनील, वाच. माय चुकली का तू, शनिवारी सांग."

आईला खोटं पाडायचं म्हणून मी डिक्शनरी घेऊन ती बारा पानं वाचली. शुक्रवारी सापडलं. बाई एकच. काही गाणी विशीतली, काही अगदी शेवटची, मुद्दाम मिसळून लावलेली. मध्ये सगळं आयुष्य गेलेलं. सातासमुद्रापलीकडच्या बाईचा श्वास माझ्या निरक्षर आईनं दोन गाण्यांत ओळखला होता. आणि तिला हरवण्याच्या नादात मी बारा पानं इंग्रजी वाचून काढलं होतं, हे तर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. काकांच्या आलं होतं. शनिवारी सगळं ऐकून ते म्हणाले, "मंग... सुनील, ऊसवाल्याले निरोप धाडू का, पोरगा येत नाही म्हणून?"

पुढे मी पास झालो, बी.ए. झालो, नोकरीला लागलो. यंदा काकांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ते जाण्याच्या आठवडाभर आधी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. घासलेला, फाटका आवाज. "मंग... सुनील."

मी विचारलं, "कोण बोलतंय?"

पलीकडे हसल्यासारखं काहीतरी, आणि, "...माय का पोरगी?"

दुसऱ्या दिवशी मी पत्र टाकलं. तेरवीला वैशालीताईंनी ती सीडी माझ्या हातात दिली. पत्र शनिवारी पोचलं होतं, काकांनी ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. डबीत, पुस्तिकेच्या घडीत, ते तसंच होतं.

"ती. काकांस, सा. न.

काल मी तुम्हालाच 'कोण' म्हणून विचारलं. वर्गात मुलांना तुमच्या सीडीची गोष्ट दरवर्षी सांगतो, आणि तुमचाच आवाज ओळखला नाही. याडीला सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, 'मंग म्हणून थांबले होते ना? आनखी काय पायजे होतं तुले?' थांबला होतात, काका. नेहमीइतकेच. येत्या रविवारी पुन्हा फोन करा. गळ्याला त्रास होत असेल तर नाव घेऊ नका, काही बोलू नका. नुसतं 'मंग' म्हणा, आणि थांबा.

तुमचा,
सुनील"