दही-साखरेवरची गोळी

व्हिटॅमिनची बाटली उघडली की यीस्टसारखा दमट वास येतो आणि मला लीड्समधलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. युनिव्हर्सिटीचं माझं पहिलं वर्ष होतं. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच. सेमिनारमध्ये बोलायची वेळ आली की छाती धडधडायची, हात गार पडायचे. घरी मी ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलं होतं, कारण तो शब्द आमच्याकडे चालतो, म्हणून आई रोज बी-कॉम्प्लेक्स द्यायची. पहिल्या प्रेझेंटेशनच्या सकाळी खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, बाहेरचा रस्ता दुधात बुडाल्यासारखा दिसत होता, आणि मी मनात ठरवलं होतं की बसमध्ये बसायचं, पण कॅम्पसच्या स्टॉपवर उतरायचं नाही. आईने माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि त्यावर ती गोळी. तिचा पिवळा रंग दह्यात हळूहळू पसरत गेला, आणि मी नुसती बघत राहिले. “अगं, चाट ना, विरघळेल ती,” आई म्हणाली. “आई, हा अशक्तपणा नाहीये. मला भीती वाटते.” “ठाऊक आहे गं. पण भीतीची गोळी सुपरमार्केटमध्ये मिळत नव्हती, म्हणून ही आणली.” मला हसूच आलं. तिने कोट चढवला, बसमध्ये शेजारी बसली आणि माझ्याबरोबर कॅम्पसच्या स्टॉपवर उतरली. त्या गोळ्यांनी काही फरक पडला का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. पण पुढे डॉक्टरांनी काय होतंय असं विचारलं, तेव्हा मी फारशी अडखळले नाही. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य मी एकदा घरी म्हटलेलं होतं.